१ जुलै : एका तारखेचीं अनेक जन्मपत्रें

वाशीम जिल्ह्यांत रिसोड तालुक्यामध्यें रिठद हें गांव आहे. अशा कोणत्याहि वऱ्हाडी गांवच्या जुन्या प्राथमिक शाळेंत जावें आणि कपाटांतील दाखल-खारीज रजिस्टर उघडावें, म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. पानामागून पान उलटलें तशीं मुलांचीं नांवें बदलतात, बापांचीं नांवें बदलतात, जाती आणि धंदे बदलतात. पण जन्मतारखेच्या रकान्यांत १ जून आणि १ जुलै ह्या दोन तारखा पुनः पुनः येत राहतात. एखाद्या परक्या मनुष्यानें तें रजिस्टर वाचलें तर इकडच्या बायका वर्षांतून ठराविक दोन दिवशींच बाळंत होतात कीं काय, असा संशय त्यास यावा. ह्या दोहोंपैकीं १ जुलै ही तारीख प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

जगाच्या इतिहासांत ह्या तारखेस जें जें घडलें त्याची यादी करावयास बसलें तर ती संपणार नाहीं. आणि नुसत्या यादीला फारसा अर्थहि नसतो. वर्षाचे दिवस तीनशें पासष्ट, आणि इतिहासांतील घटना असंख्य. तेव्हां प्रत्येक तारखेच्या वांट्याला पांचपंचवीस मोठ्या गोष्टी येणें हें हिशेबानेंच ठरलेलें आहे. त्यांत ग्रहांचा किंवा दैवाचा हात शोधण्याचें कारण नाहीं. तरी १ जुलैकडे पाहतांना एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कांहीं गोष्टी त्या दिवशीं आपोआप घडल्या. कांहीं मुद्दाम त्या दिवसावर नेऊन बसविल्या. आणि कांहीं तर त्या दिवशीं घडल्याच नाहींत, केवळ कागदावर तशा लिहिल्या गेल्या.

मुळांत तारीख ही वस्तूच किती सोयीची आहे, हें लाइब्निट्झच्या उदाहरणावरून कळतें. हा थोर जर्मन तत्त्ववेत्ता व गणिती सन १६४६ मध्यें लाइप्झिग शहरीं जन्मला. आजचे चरित्रकार त्याची जन्मतारीख १ जुलै अशी देतात. परंतु तो ज्या दिवशीं जन्मला त्या दिवशीं लाइप्झिगच्या लोकांच्या लेखीं २१ जून होता. पोप तेरावा ग्रेगरी ह्यानें १५८२ सालीं पंचांग सुधारलें. पण तें पोपचें म्हणून प्रॉटेस्टंट राज्यांनीं शंभरांवर वर्षें हट्टानें दूर ठेवलें. जर्मनींतील तीं राज्यें १७०० सालीं वळलीं, आणि इंग्लंडला तर १७५२ साल उजाडावें लागलें. सूर्य दोहींकडे एकच उगवत होता. तारखेंत मात्र दहा दिवसांची तफावत. आपल्याकडील तिथि-तारखेचा वाद ह्याहून फार निराळा नाहीं. शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा. सरकारनें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली, तरी तिथीनें जयंती करणारे लोक तिथीनेंच करतात.

तारीख आणि तिथि ह्यांची गांठ १ जुलैस एकदां मोठ्या विलक्षण रीतीनें पडली. सन २०२० मध्यें आषाढी एकादशी नेमकी ह्या तारखेस आली, आणि ती एकादशी वारकऱ्यांच्या चालत्या पिढीनें कधीं न पाहिलेली अशी होती. करोनाच्या सांथीमुळें पायीं वारी बंद झाली. ज्या पादुका खांद्यावरच्या पालखींतून, टाळमृदंगाच्या गजरांत पंढरीस जावयाच्या, त्या एस. टी. च्या गाडींतून आदल्या दिवशीं पोंचविण्यांत आल्या. शेगांवच्या श्रीगजाननमहाराजांच्या पालखीचा मार्ग वाशीम जिल्ह्यांतून जातो. एरव्हीं ज्या गांवांत पालखीच्या दिवशीं घरोघर स्वयंपाकाची धांदल उडते, तीं गांवें त्या वर्षीं दारें लावून बसलीं होतीं. पुढच्या वर्षीं एकादशी २० जुलैवर गेली. अधिकमासामुळें आणि तिथींच्या चालीमुळें ती अशी मागेंपुढें सरकते. तारीख आपल्या जागीं राहते.

आतां ज्या गोष्टी ह्या दिवसावर नेऊन बसविल्या त्यांकडे वळावें. सरकारी दप्तराला महिन्याची पहिली तारीख प्रिय असते, कारण हिशेब तेथून सुरू करणें सोपें जातें. त्यांतहि १ जुलै ही वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीची पहिली तारीख. म्हणून ह्या दिवशीं नव्या संस्था, नवे कर, नवीं खातीं जन्मास आलेलीं फार आढळतात. सन १८५२ मध्यें सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रीअर ह्यांनीं ह्याच दिवशीं टपालाचें तिकीट चालू केलें. तें आशियाखंडांतील पहिलें तिकीट होय. अर्ध्या आण्याचें तें तिकीट आरंभीं लाल लाखेवर उठविलेलें असे, आणि इतकें ठिसूळ कीं हाताळतांनाच त्याचे तुकडे होत. पुढें कागदी तिकिटें काढावीं लागलीं, व १८५४ मध्यें सबंध हिंदुस्थानासाठीं एकच तिकीट आल्यावर सिंधचें तिकीट बंद झालें. हेच फ्रीअर नंतर १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते, आणि मुंबईच्या कोटाच्या भिंती त्यांच्याच कारकीर्दींत पाडल्या गेल्या. १८६२ मध्यें ह्याच तारखेला कलकत्त्याचें हायकोर्ट उघडलें. मुंबईचें त्यामागून ऑगस्टांत.

परंतु खेड्यांतील मनुष्याच्या आयुष्यांत ह्या सर्वांहून अधिक शिरली ती १ जुलै १८७९ ची गोष्ट. त्या दिवशीं हिंदुस्थानांत पोस्टकार्ड सुरू झालें. असें उघडें पत्र ऑस्ट्रियानें १८६९ मध्यें प्रथम काढलें होतें. दहा वर्षांत तें इकडे आलें. किंमत पाव आणा. बंद पत्रास अर्धा आणा पडे, त्याच्या निम्म्यांत काम भागूं लागलें. लंडनच्या डी ला रू कंपनीनें छापलेलीं तीं पिंवळसर कार्डें, वर राणी व्हिक्टोरियाचें मस्तक, आणि लिहावयास तळहाताएवढी जागा. सुशिक्षित मंडळींस उघड्यावर मजकूर लिहिणें प्रथम कमीपणाचें वाटलें असल्यास नवल नाहीं. खेड्यांत तर ही अडचण नव्हतीच, कारण तेथें बंद पत्रहि दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावें लागे. पुष्कळ गांवीं शाळामास्तरच पोस्टमास्तर असत. शाळा सुटली कीं मास्तरांनीं ओट्यावर बसावें, आलेलीं कार्डें मोठ्यानें वाचावींत, आणि उत्तरेंहि त्यांनींच लिहावींत. सासुरवाशिणीची खुशाली, बैलाचा भाव, लग्नाची बोलणी, सारें त्या पाव आण्यांत मावे. कार्डाचा कोंपरा फाडलेला दिसला म्हणजे तें कोणी वाचावें लागत नसे. निरक्षर म्हातारीलाहि कळे कीं घरांतलें कोणीतरी गेलें. एका सरकारी तारखेस निघालेल्या कागदाच्या तुकड्याभोंवतीं लोकांनीं आपली स्वतःची लिपि अशी बनविली, हें टपाल खात्याच्या कोणत्याहि नियमांत लिहिलेलें नव्हतें.

१९५५ सालच्या १ जुलैस इंपीरियल बँकेचें रूपांतर होऊन स्टेट बँक ऑफ इंडिया निर्माण झाली. हें केवळ पाटी बदलणें नव्हतें. गोरवाला समितीनें ग्रामीण कर्जाची जी पाहणी केली होती, तींत शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकीं सुमारें तीनच रुपये सहकारी संस्थांकडून येतात आणि सत्तरांच्या आसपास सावकाराकडून, असें दिसून आलें. म्हणून नव्या बँकेवर पांच वर्षांत चारशें नव्या शाखा उघडण्याचें बंधन घातलें गेलें. पुढें २०१७ मध्यें ह्याच दिवशीं वस्तु व सेवा कर देशभर लागू झाला. आदल्या मध्यरात्रीं संसदेच्या मध्यवर्ती सभागृहांत त्याचा समारंभ झाला. मुंबईच्या वेशीवरचे जकातनाके त्या रात्रीं बंद पडले, एवढें एक सामान्य ट्रकवाल्याला समजलें. बाकीचा कर समजावयास त्याला व व्यापाऱ्याला बरींच वर्षें लागलीं.

ह्या कचेरींतल्या तारखांमध्यें एक तारीख रक्तानें लिहिलेली आहे. १ जुलै १९०९, गुरुवार. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागांतील इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्यें नॅशनल इंडियन असोसिएशनचा मेळावा होता. गाणें संपून मंडळी निघण्याच्या बेतांत असतां मदनलाल धिंग्रा ह्या अमृतसरच्या तरुणानें सर विल्यम कर्झन वायली ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. धिंग्रा लंडनांत इंजिनिअरिंग शिकत होता. वायली भारतमंत्र्यांच्या कचेरींतील मोठे अधिकारी. ते जागच्या जागीं ठार झाले. मध्यें पडलेले डॉ. कावस लालकाका, शांघाय येथें वैद्यकी करणारे एक पारशी गृहस्थ, हेहि त्यांत बळी गेले. धिंग्रावरील खटल्यास एकच दिवस लागला. २३ जुलैस शिक्षा झाली आणि १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगांत त्यास फांशीं देण्यांत आलें. ५ जुलै रोजीं कॅक्स्टन हॉलमध्यें हिंदी लोकांची निषेधसभा भरली. ठराव एकमतानें संमत झाल्याचें जाहीर होत असतां विनायक दामोदर सावरकर ह्यांनीं उभें राहून आपला विरोध नोंदविला. तेथून पुढें घटनांचा वेग वाढला. त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला नाशिकांत अनंत कान्हेरे ह्यानें कलेक्टर जॅक्सनचा वध केला, आणि दुसऱ्या वर्षीं सावरकर पकडले गेले. धिंग्राच्या अस्थि १९७६ च्या डिसेंबरांत मायदेशीं आणल्या गेल्या. अकोला शहरांत त्याच्या नांवाचा चौक आहे. वाशीम-रिसोडकडून कामासाठीं अकोल्यास गेलेला प्रत्येक मनुष्य त्या चौकांतून केव्हांना केव्हां गेलेला असतोच. लालकाका ह्यांचें नांव मात्र कोणास आठवत नाहीं. ज्या तारखेस तो डॉक्टर मारला गेला ती आतां भारतांत डॉक्टरांचा दिवस म्हणून पाळली जाते.

त्या दिवसाचें कारण अर्थात् निराळें आहे. डॉ. बिधानचंद्र रॉय हे १ जुलै १८८२ रोजीं पाटण्यास जन्मले आणि १ जुलै १९६२ रोजीं कलकत्त्यास वारले. ऐंशीं वर्षें पुरीं करून वाढदिवसालाच देह ठेवणें हें फार थोड्यांच्या नशिबीं येतें. विलायतेच्या दोन्ही मोठ्या वैद्यकीय पदव्या त्यांनीं सव्वादोन वर्षांत मिळविल्या, आणि १९४८ पासून अखेरपर्यंत ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. मुख्यमंत्रिपदावर असतांनाहि रोगी तपासणें त्यांनीं सोडलें नाहीं. परंतु त्याच दिवशीं दुसराहि एक मृत्यु झाला, आणि त्याचा उल्लेख सहसा होत नाहीं. राजर्षि पुरुषोत्तमदास टंडन हेहि १ जुलै १९६२ रोजींच गेले. दोघांचें जन्मवर्ष एकच, १८८२. दोघांना भारतरत्न मिळालें तें एकाच वर्षीं, १९६१ मध्यें. टंडनांचा जन्म १ ऑगस्टचा, म्हणजे ऐंशीं पुरीं व्हावयास त्यांना एक महिना कमी पडला; आणि १ ऑगस्ट ही तर लोकमान्यांची पुण्यतिथि. महाराष्ट्राशीं टंडनांचा संबंध नाशिकचा. १९५० च्या सप्टेंबरांत नाशिकास भरलेल्या काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. पंडित नेहरूंशीं त्यांचें जमलें नाहीं व वर्षभरांत त्यांनीं पद सोडलें. असे योग हे शुद्ध योगायोग असतात. पण ते ध्यानांत राहतात, आणि त्यांच्या निमित्तानें विसरलेला मनुष्य आठवतो, एवढा त्यांचा उपयोग.

इतर गोष्टी थोडक्यांत. १९१६ च्या १ जुलैस फ्रान्समध्यें सोमच्या लढाईचा पहिला दिवस उजाडला. एका दिवसांत इंग्रजांचे सत्तावन हजारांवर लोक कामास आले, पैकीं एकोणीस हजारांवर ठार. दोन आठवड्यांनीं त्याच रणांगणावर दख्खन हॉर्स ह्या हिंदी रिसाल्यानें घोड्यावरून चढाई केली. तोफा आणि मशीनगन ह्यांच्या युगांत ती एक अजब गोष्टच होती. १९३३ मध्यें ह्या दिवशीं गाझीपूर जिल्ह्यांत अब्दुल हमीद ह्यांचा जन्म झाला. १९६५ च्या युद्धांत खेमकरणच्या रणभूमीवर जीपवरच्या तोफेनें शत्रूचे रणगाडे फोडतां फोडतां ते पडले, आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले. १९३८ मध्यें अलाहाबादेस एका पहिलवानाच्या घरीं हरिप्रसाद चौरसिया जन्मले. बापाला मुलगा आखाड्यांत हवा होता, मुलानें बांसरी धरली. कटक व मुंबई येथील नभोवाणी केंद्रांवरच त्यांची पहिली उमेदवारी झाली, हें नभोवाणीच्या श्रोत्यांस सांगितलेंच पाहिजे.

वाशीम जिल्ह्याच्या दृष्टीनें ह्या तारखेचा खरा मानकरी मात्र वसंतराव नाईक हा आहे. १ जुलै १९१३ रोजीं पुसद तालुक्यांतील गहुली ह्या बंजारा तांड्यांत फुलसिंग व होनुबाई ह्यांच्या पोटीं ते जन्मले. गहुली आज यवतमाळ जिल्ह्यांत मोडतें. पण हा तालुका पूर्वीं कोठें होता हें पाहणें मनोरंजक आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. इंग्रजी अमदानींत वऱ्हाडचे जे सहा जिल्हे होते त्यांत बासीम हा एक स्वतंत्र जिल्हा होता, आणि त्याचे तालुके तीन : बासीम, मंगरूळ आणि पुसद. सन १९०५ मध्यें वऱ्हाडची नवी वांटणी झाली, तींत हा जिल्हाच मोडला. बासीम व मंगरूळ अकोल्यास जोडले, पुसद यवतमाळकडे गेलें. म्हणजे नाईकांच्या जन्माआधीं अवघीं आठ वर्षें गहुलीचा मुलूख वाशीमचाच होता. बंजाऱ्यांची काशी समजलें जाणारें पोहरादेवी आजहि वाशीम जिल्ह्यांतच, मानोरा तालुक्यांत आहे.

नाईक नागपुरास वकील झाले, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखालीं त्यांनीं वकिली केली. १९४१ सालीं वत्सलाबाई घाटे ह्या ब्राह्मण कन्येशीं त्यांनीं विवाह केला, आणि त्या काळीं त्यावर व्हावयाचा तेवढा गहजब झाला. पुसदच्या नगरपालिकेंतून ते मध्यप्रदेशच्या विधानसभेंत, तेथून द्वैभाषिक मुंबईच्या मंत्रिमंडळांत, आणि मारोतराव कन्नमवार ह्यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजीं महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदावर आले. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, त्यांनीं तें पद सांभाळलें. तांड्यांत जन्मलेला मनुष्य इतकीं वर्षें मुंबईंत राज्य करतो ही गोष्टच लहान नव्हे. परंतु त्यांचें सर्वांत टिकाऊ काम त्याआधींचें आहे. १९६० मध्यें महसूलमंत्री असतां त्यांच्या अध्यक्षतेखालीं जी समिति नेमली गेली, तिच्याच शिफारसींवरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. खेड्यांतली प्राथमिक शाळा जिच्या हातीं आहे, ती जिल्हा परिषद अशी नाईकांच्या अहवालांतून निघाली.

शेती हा त्यांचा ध्यास होता, आणि त्याकरितांच त्यांचा जन्मदिवस राज्यांत कृषिदिन म्हणून पाळला जातो. १९६५ सालीं पुण्यास शनिवारवाड्यासमोर, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यांत स्वयंपूर्ण झाला नाहीं तर आपणांस फांशीं द्यावें, असें ते बोलून गेले. मग संकरित ज्वारी, खतें, विहिरी, नाल्यांचे बांध ह्यांचा धडाका उडाला. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारी कृषि विद्यापीठें त्यांच्याच कारकीर्दींत निघालीं. संकरित ज्वारीचें कणीस भरघोस, पण भाकरीला गोडी नाहीं, अशी वऱ्हाडांतील शेतकऱ्यांची तक्रार राहिली. ‘हायब्रीड’ हा शब्द माणसाला हिणविण्यासाठीं वापरला जाऊं लागला तो तेव्हांपासून. त्यांतच १९७२ चा दुष्काळ आला. लाखों माणसें खडी फोडावयास रस्त्यावर आलीं. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळांत कसास लागली, आणि भूकबळींचा मोठा अनर्थ टळला. त्याच सुमारास कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. वऱ्हाडच्या कापूसवाल्यांना तिनें कांहीं वर्षें व्यापाऱ्याच्या तावडींतून सोडविलें, पुढें ती स्वतःच तोट्याच्या गाळांत रुतली. नाईकांवर एक आक्षेप राहतो व तो खोटा नाहीं. विदर्भाचा मनुष्य अकरा वर्षें मुख्यमंत्री असूनहि विदर्भाचा अनुशेष भरला नाहीं. १९८४ मध्यें दांडेकर समितीनें तो आंकड्यांनिशीं दाखवून दिला. १८ ऑगस्ट १९७९ रोजीं सिंगापूर येथें नाईकांचें निधन झालें.

आणि त्यांच्या पंच्याऐंशींव्या जयंतीच्या दिवशीं, १ जुलै १९९८ रोजीं, वाशीम जिल्हा दुसऱ्यांदा जन्मास आला. मोडलेला जिल्हा त्र्याण्णव वर्षांनीं पुनः उभा राहिला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. पुसद तेवढें परत आलें नाहीं. त्याच दिवशीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळें निघालें. जिल्हा होणें म्हणजे काय हें नकाशा पाहून कळत नाहीं. रिठदच्या शेतकऱ्याला कलेक्टर कचेरींत काम पडलें म्हणजे वाशीम ओलांडून आणखी ऐंशीएक किलोमीटर अकोला गांठावें लागे. साहेब दौऱ्यावर असला तर मुक्काम पडे, किंवा रिकाम्या हातानें परतावें लागे. ती एक खेप वांचली.

आतां जी १ जुलै घडलीच नाहीं, तिच्याविषयीं. पूर्वीं मुलाला शाळेंत घालावयास आई किंवा आजा येई. मास्तरांनीं जन्मतारीख विचारली म्हणजे उत्तर मिळे, “गुरुजी, पोया झाला अन् आठव्या दिसी हा झाला.” कोणत्या सालचा पोळा, तें सांगतां येत नसे. कोणाचा जन्म तुरी सवंगतांना, कोणाचा मोठ्या पुराच्या वर्षीं, कोणाचा बहात्तरच्या दुष्काळांत खडीच्या कामावर. गांवच्या कोतवाल बुकांत नोंद असली तर असे. पण ती शोधण्यास तालुक्याला जावयाचें कोणी? रजिस्टराला पोळा चालत नाहीं, त्याला दिनांक लागतो. विदर्भांत उन्हाळा लांबतो म्हणून शाळा जूनच्या अखेरीस उघडते. तेव्हां मास्तर मुलाकडे एकवार पाहत, दांत पडले आहेत काय तें बघत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास लावीत, आणि सहा वर्षें पुरीं धरून १ जुलै लिहून मोकळे होत. त्यांत लबाडी नव्हती. पोराची शाळा चुकूं नये, एवढाच हेतु.

हा प्रकार एकट्या वऱ्हाडांतला नाहीं. अंतराळांत गेलेली कल्पना चावला ही हरियाणांतील कर्नालची. तिचा जन्म १७ मार्च १९६२ चा. पण मॅट्रिकच्या परीक्षेस वय कमी पडूं नये म्हणून कागदोपत्रीं तो १ जुलै १९६१ करण्यांत आला, व तीच तारीख तिच्याबरोबर अमेरिकेंत गेली. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया यान कोसळून ती गेली, तेव्हां वर्तमानपत्रांतून तिच्या वयाचे दोन निरनिराळे आंकडे आले.

शाळेंत लिहिलेली ही तारीख पुढें जन्मभर पाठ सोडीत नाहीं, आणि नोकरींत शिरल्यावर तर तिची किंमत रुपयांत मोजावी लागते. १ जुलैला जन्मलेला नोकर कायद्याच्या हिशेबानें ३० जूनला वय पुरें करतो व त्याच सायंकाळीं निवृत्त होतो. सहाव्या वेतन आयोगानंतर सर्वांच्या वार्षिक वेतनवाढीची तारीख एकच ठरली, आणि ती नेमकी १ जुलै. वर्षभर काम केलें, त्याची वाढ दुसऱ्या दिवशीं मिळावयाची. पण दुसऱ्या दिवशीं तो नोकरींतच नाहीं, म्हणून वाढ नाहीं. आणि पेन्शन शेवटच्या पगारावर बसतें, म्हणून तोटा एका महिन्याचा नव्हे, मरेपर्यंतचा. मास्तरांनीं २ जुलै लिहिली असती तर हा प्रश्न आला नसता! पुष्कळ लोक कोर्टांत गेले. २०१७ मध्यें मद्रास हायकोर्टानें एका निवृत्त अधिकाऱ्याच्या बाजूनें निकाल दिला. पण इतर कोर्टांचीं मतें निरनिराळीं पडलीं. अखेर ११ एप्रिल २०२३ रोजीं, कर्नाटकच्या वीज कंपनीच्या प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं वाढ ही मागील वर्षाच्या सेवेची आहे, दुसऱ्या दिवसाच्या हजेरीची नव्हे; तेव्हां ती दिलीच पाहिजे. तोंपर्यंत त्या तारखेचे कितीतरी म्हातारे कमी पेन्शनवर दिवस काढून गेले होते.

त्याच वर्षीं जन्ममृत्यु नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यांत दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढें जन्मलेल्या मुलाला शाळेंत घालतांना जन्मदाखला हाच एकमेव पुरावा. तीं मुलें पहिलींत येतील तीं सन २०२९ च्या सुमारास. त्यांच्या आईला कोणी पोळा विचारणार नाहीं. दवाखान्यांत ज्या तारखेस तीं जन्मलीं तीच रजिस्टरांत चढेल, आणि त्यांतील एखादें खरोखरच १ जुलैचें असेल.